गौण वाक्यातला ‘शुड’ आणि मराठीचा विध्यर्थ

मराठी माध्यमातून इंग्रजीकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला मोडल क्रियापदे बहुधा एका कोष्टकातून भेटतात. ‘कॅन’ म्हणजे शकणे, ‘शुड’ म्हणजे पाहिजे, ‘मस्ट’ म्हणजे केलेच पाहिजे, ‘मे’ म्हणजे कदाचित किंवा परवानगी, ‘वुड’ म्हणजे विनम्र ‘विल’. एवढ्या भांडवलावर ‘यू शुड स्टडी’ किंवा ‘ही कॅन स्विम’ यांसारखी सुटी वाक्ये निभावतात, आणि बारावीच्या प्रश्नपत्रिकेत मोडल क्रियापद कोणता अर्थ दाखवते हे विचारणारा ओळखीचा प्रश्नही सुटतो. पण वाक्य मिश्र झाले, एका प्रधान वाक्याच्या पोटात दुसरे गौण वाक्य आले, की हे कोष्टक निरुपयोगी होते. नाशिकच्या गंगापूर रोडवर या प्रश्नाला पुस्तकी नव्हे, रोजचे महत्त्व आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचा कारभार याच रस्त्यावरून चालतो, त्याच संस्थेचे १९६९ मध्ये सुरू झालेले केटीएचएम महाविद्यालय याच रस्त्यावर आहे, आणि हाच रस्ता पुढे धरणाच्या दिशेने गेला की १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागते. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाण या तालुक्यांतल्या मुलामुलींची इंग्रजी या संस्थांच्या वर्गांत आणि पुस्तकांत घडते किंवा अडते. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला तर पुस्तक हाच बराचसा शिक्षक असतो. तिथे व्याकरणाचे स्पष्टीकरण चुकले तर ते दुरुस्त करायला समोर कोणी उभे नसते. म्हणून गौण वाक्यातल्या मोडल क्रियापदांचे नेमके काय होते, हा प्रश्न एकदा नीट तपासायला हवा. या लेखाचे म्हणणे असे, की त्याचे उत्तर मराठी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेत अर्धेअधिक तयार आहे. ते कोष्टकात नसून मराठी व्याकरणकारांनी ज्याला क्रियापदाचा ‘अर्थ’ म्हटले त्या विभागात आहे.

इंग्रजीच्या अभ्यासकांनी मोडल क्रियापदांवर अमाप लिहिले आहे, पण त्यातले बरेचसे प्रधान वाक्याच्या आधाराने उभे आहे. एफ. आर. पामर यांचे १९७९ चे आणि जेनिफर कोट्स यांचे १९८३ चे, ही दोन पुस्तके बराच काळ या विषयाची पायाभूत मानली गेली. दोघांचाही मुख्य भर एका विभागणीवर आहे: बोलणाऱ्याचा अंदाज सांगणारा वापर एकीकडे, आणि कर्तव्य, परवानगी, क्षमता सांगणारा वापर दुसरीकडे. ‘ही मस्ट बी टायर्ड’ हा अंदाज, ‘ही मस्ट गो’ हे बंधन. ही विभागणी खरी आहे, उपयोगीही आहे. मात्र गौण वाक्यांच्या एका मोठ्या गटात मोडल यांपैकी कोणत्याच खान्यात बसत नाही. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्तविक यांच्या १९८५ च्या बृहद्‌व्याकरणाने हे ओळखले. आश्चर्य, खेद, सूचना, आग्रह अशा शब्दांमागून येणाऱ्या ‘शुड’ला त्यांनी वेगळे नाव देऊन वेगळे काढले, कारण तो ‘शुड’ कोणाचेही कर्तव्य सांगत नाही. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणाने दुसरी बाजू पक्की केली: ‘वुड’ आणि ‘कुड’ ही स्वतंत्र क्रियापदे न मानता ती ‘विल’ आणि ‘कॅन’ यांची भूतकाळी रूपे मानली, म्हणजे प्रधान वाक्याच्या काळाचा ओढा गौण वाक्यातल्या मोडलवर कसा पडतो हे सरळ दिसते. अर्थविचाराच्या अंगाने अँजेलिका क्रात्झर यांनी १९७७ मध्ये मांडले, की ‘मस्ट’ किंवा ‘कॅन’ला स्वतःचा असा बंदिस्त अर्थ फार थोडा असतो, कशाच्या संदर्भात ‘मस्ट’, कायद्याच्या की माहितीच्या की इच्छेच्या, ते भोवतालचे बोलणे पुरवते. या तिन्ही वाटा एकत्र पाहिल्या तर एकच गोष्ट पुढे येते. गौण वाक्यात मोडलला सर्वांत जवळचा संदर्भ त्याच्या डोक्यावर बसलेल्या प्रधान वाक्याचा असतो, आणि तोच मोडलचे काम ठरवतो.

असे का घडले याचे कारण इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापदाला स्वतःचे इच्छार्थी रूप होते. इच्छा, आज्ञा, शंका, अट, हेतू यांची गौण वाक्ये त्या रूपात लिहिली जात. शतकांच्या ओघात शब्दांचे शेवटचे अवयव झिजले, इच्छार्थी आणि साधे रूप बहुतेक ठिकाणी एकसारखे दिसू लागले, आणि नष्ट झालेल्या प्रत्ययांचे काम ‘शॅल’, ‘मे’, ‘विल’ या शब्दांकडे आले. त्या काळी हे शब्द स्वतःच्या पूर्ण अर्थाची क्रियापदे होती: ‘विल’ म्हणजे इच्छिणे, ‘शॅल’ म्हणजे देणे लागणे, ‘मे’ म्हणजे समर्थ असणे. प्रधान वाक्यात त्यांनी आपला जुना अर्थ कमीअधिक सांभाळला. गौण वाक्यात मात्र त्यांच्यावर प्रत्ययाचे ओझे आले आणि अर्थ विरत गेला. म्हणून आजच्या इंग्रजीत एकच ‘शुड’ दोन कामे करतो. एका ठिकाणी तो शब्द आहे, दुसऱ्या ठिकाणी हरवलेल्या प्रत्ययाची जागा भरतो. कोष्टक फक्त पहिल्याला ओळखते.

मराठीत तो प्रत्यय हरवलेला नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये आले. त्यानंतर पाऊण शतकाने, १९११ मध्ये, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले आणि मराठी क्रियापदाच्या अर्थांची चर्चा फार बारकाईने झाली. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ ही चौकडी शाळेत आजही शिकवतात, पण ती केवळ मराठीच्या तासाला. ‘आवा’ प्रत्ययाचा विध्यर्थ संस्कृतातल्या ‘तव्य’पासून प्राकृतातून उतरला आहे; ‘कर्तव्य’ आणि ‘करावे’ ही एकाच घराण्यातली रूपे. शालेय व्याकरणे त्याचे अर्थ सांगताना कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा अशी नावे घेतात. नावे बरोबर आहेत, पण त्यांची संख्या पाहिली की शंका यायला हवी. एकाच प्रत्ययाला इतके अर्थ कसे? ‘मुलांनी खरे बोलावे’ यात कर्तव्य आहे, ‘तो पोहोचला असावा’ यात अंदाज, ‘पाऊस यावा असे वाटते’ यात इच्छा. पण यातली इच्छा ‘वाटते’ने आणली आहे, ‘यावा’ने नाही. ‘पाऊस यावा अशी भीती’ कोणी म्हणत नाही. भीती असली की ‘येईल’ येते. म्हणजे गौण वाक्यातला विध्यर्थ सांगतो एवढेच, की हे विधान घडलेल्या गोष्टीची नोंद म्हणून पुढे केलेले नाही, ते मनात धरलेले आहे. कशासाठी धरले ते वरचे वाक्य सांगते. इंग्रजीच्या प्रत्ययस्थानी आलेल्या ‘शुड’चे वर्णन याहून नेमके करता येत नाही.

याचा सर्वांत चांगला पुरावा आश्चर्याच्या वाक्यांत मिळतो. ‘इट इज स्ट्रेंज दॅट ही शुड से सो’ हे वाक्य कोष्टकाने वाचले तर ‘त्याने असे म्हटले पाहिजे हे विचित्र आहे’ असा अर्थ निघतो, आणि तो साफ चूक आहे. त्याने तसे म्हटलेले आहे, त्याला कोणी भाग पाडलेले नाही, आणि बोलणाऱ्याला त्याचे नवल वाटते आहे. मराठीत आपण हे किती सहज म्हणतो: ‘त्याने असे म्हणावे याचे नवल वाटते.’ इथे ‘म्हणावे’ विध्यर्थ आहे, तरी कर्तव्याचा लवलेश नाही, आणि घटना घडून गेल्याचे ऐकणाऱ्याला पक्के कळते. ‘सख्ख्या भावाने पाठ फिरवावी?’ असा उद्गारही याच जातीचा, आणि त्याचे इंग्रजी ‘दॅट हिज ओन ब्रदर शुड टर्न अवे’ असेच होते. ज्या दोन भाषांचे प्रत्यक्ष नाते हजारो वर्षे मागचे आहे त्यांत हे साम्य आले, कारण गरज एकच होती: घडलेली गोष्ट नोंद म्हणून न मांडता ती विचारापुढे धरायची आणि तिच्यावर भावनेचा शेरा मारायचा. ज्या विद्यार्थ्याला ‘म्हणावे’ कळते त्याला हा ‘शुड’ एका मिनिटात कळतो. ज्याला ‘शुड म्हणजे पाहिजे’ एवढेच शिकवले आहे, त्याच्यासाठी ते वाक्य कायमचे गूढ राहते. शिवाय इथे एक सोपी परीक्षा हाताशी येते. मोडल काढून साधे क्रियापद घाला. ‘इट इज स्ट्रेंज दॅट ही सेज सो’ यात मुद्दा जवळजवळ तोच राहतो, म्हणून तो ‘शुड’ प्रत्ययाच्या कामाचा. ‘आय नो दॅट ही कॅन स्विम’ यातला ‘कॅन’ काढला तर येण्याची गोष्ट जाऊन करण्याची गोष्ट उरते, म्हणून तो ‘कॅन’ स्वतःच्या अर्थाने तिथे बसला आहे. ‘व्हॉटएव्हर मे हॅपन’ आणि ‘व्हॉटएव्हर हॅपन्स’ यांत फरक केवळ ढंगाचा, म्हणून तिथला ‘मे’ही प्रत्ययाच्या कामाचा, मराठीतही आपण ‘काहीही होवो’ किंवा ‘काहीही झाले तरी’ म्हणतो, ‘कदाचित’ कुठेच येत नाही.

विनंतीच्या वाक्यांकडे आले की महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांचे इंग्रजी आठवते. रजेच्या अर्जात मराठीत लिहितात, ‘मला तीन दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही विनंती.’ इंग्रजी अर्जात तेच ‘आय रिक्वेस्ट दॅट आय मे बी ग्रँटेड लीव्ह फॉर थ्री डेज’ असे होते. परदेशी शिक्षक इथे ‘मे’ पाहून थबकतो, कारण अमेरिकन लेखक ‘दॅट लीव्ह बी ग्रँटेड’ असे मोडलविना लिहील आणि ब्रिटिश लेखक ‘शुड बी ग्रँटेड’ लिहील. पण हा ‘मे’ अडाणीपणा मानून खोडण्यात अर्थ नाही. इंग्रजी न्यायालयीन आणि सरकारी विनंतीपत्रांत तो जुना आहे, आणि मराठी ‘व्हावी’च्या जागी तो चपखल बसल्याने इथे टिकून राहिला. या तिन्ही रूढींची तुलना करण्याचे साधन महाराष्ट्रातच तयार झाले, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा ‘कोल्हापूर कॉर्पस’ उभा राहिला. १९७८ साली छापलेल्या भारतीय इंग्रजी मजकुरातले ५०० नमुने, प्रत्येकी सुमारे २००० शब्दांचे, एकूण दहा लाख शब्द. १९८६ मध्ये तो अभ्यासकांना खुला झाला. १९६१ च्या अमेरिकन मजकुराचा ब्राउन कॉर्पस आणि त्याच वर्षाच्या ब्रिटिश मजकुराचा एलओबी कॉर्पस यांच्या धर्तीवर तो मुद्दाम बांधला, म्हणजे तिन्ही शेजारी ठेवून मोजता यावीत. त्या दोन परदेशी संग्रहांच्या तुलनेतून सूचना आणि आग्रहाच्या क्रियापदांमागे अमेरिकेत मोडलविना रूप आणि ब्रिटनमध्ये ‘शुड’ हा फरक ठळक झाला. पुढे गौण वाक्ये कोणत्या क्रियापदामागे कशी जोडली जातात, याचा भारतीय इंग्रजीपुरता शोधही शास्त्री यांनी याच संग्रहावर घेतला. आपल्या पाठ्यपुस्तकांत या कामाचा पत्ता लागत नाही, ही खंत वाटण्यासारखीच गोष्ट आहे. ज्या राज्यात दहा लाख शब्दांचा पुरावा गोळा झाला, तिथे ‘सजेस्ट’नंतर काय येते हे सांगताना आपण अजून दुसऱ्या देशात रचलेल्या नियमांवर विसंबतो.

अटीची वाक्ये या विषयाचा सर्वांत श्रीमंत भाग आहेत, आणि मराठी विद्यार्थ्याच्या चुकाही इथेच सर्वांत जास्त बोलक्या आहेत. ‘इफ’ आणि ‘व्हेन’च्या मागे भविष्यासाठी ‘विल’ वापरू नये, हा नियम सगळे पाठ करतात. तरीही ‘व्हेन ही विल कम’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. कारण मराठीत ‘तो येईल तेव्हा’ हे निर्दोष आहे. मात्र ‘इफ ही विल कम’ची चूक त्यामानाने कमी वेळा होते, आणि त्याचेही कारण मराठीतच आहे: आपण ‘तो येईल तर’पेक्षा ‘तो आला तर’ म्हणतो. भविष्यातल्या अटीसाठी आपण भूतकाळाचे रूप वापरतो आणि त्यात कोणाला भूतकाळ दिसत नाही. याच्या पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. नियम पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ‘इफ इट विल हेल्प यू, आय विल लेंड द मनी’ हे शुद्ध वाक्य चुकीचे वाटते. पुस्तके इथे अपवाद म्हणून हात झटकतात. मराठीत मात्र हा भेद आधीच स्वच्छ आहे. ‘त्याने मदत झाली तर’ आणि ‘त्याने मदत होणार असेल तर’ ही दोन वाक्ये वेगळी आहेत. पहिल्यात मदत होणे ही अट आहे, पैसे देण्याच्या आधी घडणारी. दुसऱ्यात मदत पुढे होणार आहे याची खात्री, ही आत्ताची अट आहे. पहिल्याला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ लागतो, दुसऱ्याला ‘विल’. ‘तुम्ही थांबायला तयार असाल तर’ यासाठीचा ‘इफ यू विल वेट’ही याच सूत्राने उलगडतो. नियम आणि अपवाद अशी विभागणी न करता ‘आला तर’ आणि ‘येणार असेल तर’ ही जोडी फळ्यावर लिहिली, तर निम्मे धडे वाचतील.

‘असेल’ या रूपाकडे याच ठिकाणी थांबून पाहायला हवे, कारण गौण वाक्यात अर्थ कसा विरतो ते ते मराठीतच दाखवते. ‘तो घरी असेल’ हा अंदाज आहे. ‘तो घरी असेल तर निरोप दे’ यात अंदाज उरलेला नाही, ती निव्वळ उघडी अट आहे. ‘ज्याला यायचे असेल त्याने यावे’ यातही कोणी कोणाच्या मनाचा अंदाज बांधत नाही. उलट ‘असावा’ हा अंदाज इतका बोलणाऱ्याच्या बाजूचा आहे, की तो अटीत शिरतच नाही: ‘तो थकला असेल तर’ चालते, ‘तो थकला असावा तर’ कानाला खटकते. इंग्रजीतही अंदाजाचा ‘मस्ट’ ‘इफ’च्या आत असाच सहजी बसत नाही. दोन्ही भाषांत बोलणाऱ्याची स्वतःची खात्री आणि उघडी अट एकत्र नांदू शकत नाहीत. कायद्याची भाषा या गोष्टीला बळकटी देते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेची मूळ घडण मेकॉलेच्या मसुद्यातली. तिच्यात गुन्ह्याचे वर्णन करणारे गौण वाक्य साध्या वर्तमानकाळात आणि शिक्षेचे प्रधान वाक्य ‘शॅल’मध्ये अशी शिस्त होती. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉर्ज कूड यांनी कायदेलेखनावर लिहिताना अटीच्या भागात ‘शॅल’ घालण्याच्या सवयीवर कडक टीका केली होती: ‘शॅल’ आज्ञेचा शब्द आहे, आणि अट म्हणजे आज्ञा नव्हे. मराठी कायद्यात दोन्ही ठिकाणी ‘ईल’ येतो. जो कोणी अमुक करील त्याला तमुक शिक्षा होईल, अशी ती रचना. पहिला ‘करील’ कोणतेही भाकीत करत नाही, दुसरा ‘होईल’ आज्ञा देतो. १९६४ च्या राजभाषा अधिनियमापासून मराठीत कायदे आणि शासनव्यवहार वाढला. त्या अनुवादांत इंग्रजीच्या दोन वेगळ्या रूपांसाठी मराठीचे एकच रूप वापरूनही घोटाळा होत नाही, कारण ‘जो–तो’ची चौकट कोणते काम कोणाचे हे सांगून टाकते.

घडून न गेलेल्या गोष्टीच्या अटीत मराठी विद्यार्थ्याला मराठी चकवते, हेही तितकेच खरे. ‘तो आला असता तर मी गेलो असतो’ यात दोन्ही बाजूंना ‘असता’ आहे. इंग्रजी दोन बाजूंना दोन रूपे मागते: गौण वाक्यात ‘हॅड कम’, प्रधान वाक्यात ‘वुड हॅव गॉन’. परिणामी ‘इफ ही वुड हॅव कम’ ही चूक जन्मते. इथे दामल्यांच्या संकेतार्थाचे नाव घेऊन सांगावे, की मराठी संकेत दोन्ही बाजूंना उघड दाखवते, इंग्रजी तो फक्त प्रधान वाक्यात मोडलने दाखवते आणि गौण वाक्यात काळ एक पायरी मागे सरकवून भागवते. कारण कळले की चूक आठवणीने टाळता येते. केवळ लाल शाईने ती जात नाही.

दुसऱ्याचे बोलणे सांगताना काळाचा प्रश्न येतो. मराठीत ‘तो म्हणाला, की मी उद्या येईन’ किंवा ‘तो येईल असे म्हणाला’. मूळ काळ तसाच राहतो. इंग्रजीत ‘विल’चा ‘वुड’ आणि ‘कॅन’चा ‘कुड’ होतो. आपल्याकडे इनडायरेक्ट स्पीचचा सराव इतका यांत्रिक झाला आहे, की ‘वुड’ला विद्यार्थी स्वतंत्र, अधिक नम्र शब्द समजू लागतो, आणि मग ‘आय होप यू वुड अटेंड’ अशी निमंत्रणे तयार होतात. ब्रिटिश वाचकाला इथे ‘विल’ हवा असतो. भारतीय इंग्रजीचे वर्णन करणाऱ्या अभ्यासकांनी ही लकब नोंदवली आहे आणि तिच्यामागे नम्रतेची भावना असल्याचेही म्हटले आहे. मला वाटते, नम्रता हे अर्धेच कारण आहे. दुसरे अर्धे कारण हे, की ‘यावे अशी आशा आहे’ यातल्या विध्यर्थाला साजेसे रूप शोधताना हाताला ‘वुड’ लागतो. ‘मस्ट’ आणि ‘हॅड टू’ यांची गंमत आणखी वेगळी. प्रधान वाक्यात ‘ही हॅड टू गो’ म्हणजे ‘त्याला जावे लागले’, तो गेला. ‘ही सेड ही हॅड टू गो’ म्हणजे मात्र ‘जायला हवे असे तो म्हणाला’. गेला की नाही, कोण जाणे. एकच शब्दजोडी एका ठिकाणी घटना सांगते, दुसऱ्या ठिकाणी केवळ निकड, आणि हा फरक ज्याला दिसत नाही तो न्यायालयातल्या जबानीचे भाषांतर बिघडवू शकतो. हेतूची वाक्ये त्यामानाने सरळ आहेत. ‘मुलांना वाचता यावे म्हणून’ साठी बोलण्यात ‘सो दॅट दे कॅन रीड’, औपचारिक लेखनात ‘मे’. ‘लेस्ट’नंतर ‘शुड’ हा रेन अँड मार्टिनच्या पुस्तकातून पिढ्यांनी पाठ केलेला नियम. ‘पडू नये म्हणून’ यातला ‘नये’ जसा नकार पोटात घेऊन येतो तसा ‘लेस्ट’ही येतो, म्हणून तिथे वेगळा ‘नॉट’ लागत नाही. एवढे सांगितले की पुरे.

या मांडणीवर पहिला आक्षेप इंग्रजीच्या शिक्षकांकडून येईल: मुलांना इंग्रजीतच विचार करायला लावा, मराठीची कुबडी कशाला? महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, सेमी-इंग्रजीचे वर्ग वाढले आहेत, तेव्हा हा आक्षेप जोरकस वाटतो. पण वर दाखवलेल्या चुकांचे मूळ पाहिले तर मराठी वर्गात हजर असतेच. शिक्षकाने तिला बोलावले नाही तर ती न बोलावता काम करते. शब्दाला शब्द देणारे कोष्टक हेही मराठीचेच एक रूप आहे, आणि ते सर्वांत वाईट रूप आहे. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’वर किती पिढ्या इंग्रजी शिकल्या! ती पद्धत जशीच्या तशी परत आणा असे कोणी म्हणणार नाही, पण पूर्ण वाक्याला पूर्ण वाक्य ठेवून तोलण्याची तिची सवय मोलाची होती. दुसरा आक्षेप अर्थविचारक भाषाशास्त्रज्ञ घेतील: ‘शुड’ सगळीकडे एकच आहे, संदर्भ बदलतो, त्याला ‘शब्द’ आणि ‘प्रत्यय’ असे दोन तुकडे का करता? हा आक्षेप सिद्धान्त म्हणून मान्य करता येतो आणि त्याने मुख्य मुद्दा दुबळा होत नाही. संदर्भच अर्थ देत असेल, तर संदर्भ कुठे शोधायचा हे विद्यार्थ्याला शिकवायला हवे, आणि तो प्रधान वाक्यात सापडतो. तिसरा आक्षेप काळाचा आहे. जेफ्री लीच यांनी १९६१ आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या संग्रहांची तुलना करून दाखवले, की ‘शॅल’, ‘मस्ट’, ‘मे’ यांसारख्या मोडलचा वापर घटतो आहे. मग मावळत्या रचना शिकवायच्या कशाला? कारण आपला विद्यार्थी फक्त बोलत नाही. तो अधिनियम, निकालपत्रे, शासननिर्णय, जुनी पुस्तके वाचतो. लिहिताना त्याने ‘कॅन’ लिहावे. वाचताना ‘मे’ आणि ‘शुड’ने अडू नये.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो नाशिक जिल्ह्यातूनच उठतो. या लेखात मराठी म्हणून जे मांडले ती प्रमाण मराठी आहे. बागलाण, कळवण, मालेगावच्या घरांत अहिराणी बोलतात; पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर कोकणा आणि वारली. तिथल्या मुलाला ‘त्याने असे म्हणावे याचे नवल’ ही रचना घरची नसून शाळेत भेटलेली असू शकते. मग प्रमाण विध्यर्थाच्या आधाराने इंग्रजी शिकवणे म्हणजे एका परक्या भाषेवर दुसरी परकी भाषा रचणे ठरेल. याला उत्तर एकच आहे, आणि ते पुस्तकापेक्षा वर्गात सोपे जाते. प्रत्यय कोणता, यापेक्षा प्रश्न कोणता, हे पक्के धरावे. ‘भावाने पाठ फिरवली याचा राग आला’ ही गोष्ट तुमच्या घरी कशी म्हणतात, ‘पाऊस आला तर’ आणि ‘पाऊस येणार असेल तर’ यांत तुमची आजी फरक करते का, करते तर कोणत्या रूपाने, असे विचारावे. उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि त्यांच्या पुढे इंग्रजी वाक्य ठेवावे. जिथे घरच्या भाषेत वेगळे रूप नसेल तिथे तेही लिहावे, कारण त्या मुलाला इंग्रजीचा तो भेद नव्याने शिकावा लागणार आहे आणि त्याला अधिक वेळ द्यावा लागणार आहे. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासपुस्तिकेत अशा प्रश्नांसाठी रिकाम्या ओळी ठेवता येतील. गौण वाक्याचा धडा मोडलच्या कोष्टकाने सुरू न होता ‘सांगितले’, ‘सुचवले’, ‘वाटते’, ‘भीती आहे’, ‘नवल आहे’ अशा प्रधान वाक्यांनी सुरू होईल, आणि प्रत्येकामागे काय येते ते विद्यार्थी आधी आपल्या भाषेत लिहील, मग इंग्रजीत.